एका पानात बसावं म्हणून

बाबांना चहा मी पाजला. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवते, म्हणजे पुढे लिहिताना ते लपवायची सोय मला राहणार नाही.

मी भिलाईतल्या एका हॉस्पिटलला जोडलेल्या नर्सिंग कॉलेजात ग्रंथपाल आहे. हॉस्पिटल कोणतं ते लिहीत नाही. तिथली माणसं इतर ठिकाणच्या माणसांहून वाईट नाहीत. ग्रंथालय म्हणजे दोन खोल्या, सहा कपाटं आणि उन्हाळ्यात चालूच न होणारा एक कूलर. मुली परीक्षेपुरत्या येतात. वर्षभर मी एकटी असते आणि ते मला आवडतं.

काही वर्षांपूर्वी मेडिसिनच्या एक डॉक्टर मॅडम ग्रंथालयात आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. त्यांची एकच तक्रार होती. जगभर जे तपासून, सिद्ध होऊन जुनंसुद्धा झालं आहे, ते आपल्या वॉर्डात पोचतच नाही. डॉक्टर वाचत नाहीत, सिस्टरांना कोणी सांगत नाही, आणि रोग्याला त्या शिकल्या तेव्हाच्या सवयीनं वागवलं जातं. "आप अंग्रेज़ी पढ़ती हैं, लिखती साफ़ हैं. मेरी मदद कीजिए," त्या म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्या वाचनाचा उपयोग विचारला होता.

तेव्हापासून दर बुधवारी दुपारी आम्ही चौघी बसायचो. डॉक्टर मॅडम, वॉर्डातल्या दोन सिस्टर आणि मी. मॅडम शोधनिबंध निवडायच्या. मी ते आठवडाभर वाचून सोप्या हिंदीत पत्रक करायचे: काय करायचं, काय करायचं नाही, कशावरून. गिळण्यासाठी मी पुस्तकी शब्द लिहिला की सिस्टर माझ्या भाषेवर हसायच्या. "निगरण कौन बोलता है मैडम? निगलना लिखिए. आप तो मरीज़ को भाषण से ही मार देंगी." मी खोडून पुन्हा लिहायचे. माझा एक नियम होता आणि मला त्याचा अभिमान होता. पत्रक एका पानाच्या बाहेर जाता कामा नये. दुसरं पान कोणी उलटत नाही, हे ग्रंथपालाइतकं कोणाला माहीत असणार?

लकव्याच्या रोग्यांचं पत्रक त्यातलंच. मेंदूत गुठळी अडकली की हातपाय जातात, वाचा जाते, हे सगळ्यांना दिसतं. गिळण्याची ताकद गेलेली दिसत नाही. पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं, कधी ठसकासुद्धा लागत नाही, आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया होतो. म्हणून आधी तपासायचं. रोग्याला ताठ बसवायचं, एक चमचा पाणी द्यायचं, थांबायचं. नाव विचारायचं. आवाज ओला वाटला, घशात पाणी खुळखुळल्यासारखा आला, तर तिथंच थांबायचं आणि नाकातून घालायच्या नळीची वाट धरायची. ठीक वाटलं तर दुसरा चमचा, तिसरा, मग अर्धा ग्लास. दहा मिनिटांचं काम. खाली फायलीत लावायचा एक रकाना: जाँच हुई. त्यापुढे सिस्टरचं नाव, वेळ आणि सही.

हे सगळं लिहिलं तेव्हा पत्रक दुसऱ्या पानावर चार ओळी गेलं. मी समास कमी केले, अक्षर लहान केलं, तरी एक ओळ राहिली. मग मी नाव, वेळ आणि सहीची ओळ काढून टाकली आणि रकान्यात नुसती टिक ठेवली. पान नीट बसलं.

त्या संध्याकाळी मी ते घरी आणलं. बाबा माझी सगळी पत्रकं वाचायचे, जाड भिंग धरून, बोट फिरवत. ते इथल्या स्टील प्लांटमध्ये इलेक्ट्रिशियन होते. तरुणपणी भंडाऱ्याकडून आले, सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये आम्हाला वाढवलं आणि रिटायर झाल्यावर दुर्गकडच्या एका कॉलनीत दोन खोल्यांचं घर बांधलं. आई गेल्यावर आम्ही दोघंच होतो. पत्रक वाचून झालं की ते मला प्रश्न विचारायचे आणि उत्तर पटलं नाही तर चष्मा काढून ठेवायचे.

त्या दिवशी त्यांनी चष्मा काढला.

"हे खाली नाव कोनाचं येईन?"

"नाव नाही, बाबा. टिक मारायची."

"टिक तं कोनीबी मारते."

"ड्यूटीवरची सिस्टर मारते. कोण ड्यूटीवर आहे ते रजिस्टरात असते ना."

"मंग काय रजिस्टर घेऊन फिरशीन पलंगापलंगानं?"

"आधी होतं नाव. पान पलटून राहिलं होतं, म्हनून काढलं."

"पान वाचवलं तुनं," ते म्हणाले. "आमच्याकडं कागद वाचवला असता तं मानूस वाचला नसता, बाई."

मला राग आला. "बाबा, वॉर्ड आहे तो. तुमचं प्लांटमधलं शॉप नाही."

हे आमच्या घरातलं जुनं भांडण होतं, फक्त पूर्वी ते आईच्या तोंडी असायचं. प्लांटमध्ये मशीनवर काम करायचं तर आधी तिची वीज तोडायची, स्विचला आपलं कुलूप लावायचं आणि त्यावर लाल पुठ्ठ्याचा टॅग बांधायचा. त्यावर स्वतःचं नाव. तो टॅग दुसऱ्या कोणी काढायचा नाही, मग तो साहेब का असेना. ज्यानं बांधला त्यानंच काम झाल्यावर, आपल्या डोळ्यांनी बघून, आपल्या हातानं सोडायचा. बाबांना ही गोष्ट इतकी पटली होती की ती त्यांनी घरात आणली. मिक्सर बिघडला की त्याला लाल टॅग. गीझरची वायर उघडी पडली की टॅग. माझ्या दहावीच्या वर्षी टीव्हीला टॅग होता. आई म्हणायची, "उद्या माया तोंडालेबी बांधजा." बाबा शांतपणे म्हणायचे, "त्याले लय मोठा टॅग लागन."

हा नियम कुठून आला असं मी लहानपणी विचारलं होतं. ते म्हणाले, "कोनत्या देशात, कोनत्या कारखान्यात, ते आमाले मास्तरनं सांगतलं नाही. पन कोनाचा तरी हात गेला असन, तवाच कोनीतरी लिवला असन."

पत्रक बदललं नाही. ते छापलं गेलं, प्लॅस्टिकमध्ये घालून वॉर्डाच्या भिंतीवर लागलं. फायलीत रकाना आला. काही महिन्यांनी महिन्याच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवलं गेलं की लकव्याच्या सगळ्या फायलींत तो रकाना भरलेला आहे, एकही रिकामा नाही. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

रकाना का भरलेला असतो, ते मला माहीत करून घेता आलं असतं. सकाळच्या राउंडच्या आधी फाईल पूर्ण हवी, असा हुकूम होता. अर्धी फाईल रेकॉर्ड विभागातून लाल गोल काढून परत यायची आणि सिस्टरला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागायचं. म्हणून ड्यूटीवर आल्या आल्या आधी फाईल भरायची आणि मग रोग्याकडे जायचं, ही वॉर्डाची रीत होती. एका सिस्टरला वीस-बावीस पलंग. ताप, रक्तदाब, लघवी, त्याच ओळीत आमची टिक. हात एकदा चालू झाला की ओळीच्या शेवटीच थांबायचा. बुधवारी माझ्यासमोर बसणाऱ्या सिस्टरांना हे माहीत होतं. त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी बाजूच्याच इमारतीत होते, आणि मी वॉर्डात कधी पाय ठेवत नव्हते.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी मी बाबांच्या खोलीत गेले तर ते पलंगाच्या कडेला बसून स्वेटरच्या गुंड्या लावत होते. डाव्या हातानं. गुंड्या एक सोडून एक लागल्या होत्या आणि ते पुन्हा पुन्हा सोडून लावत होते. उजवा हात मांडीवर कोणीतरी आणून ठेवल्यासारखा पडला होता. त्यांनी वर बघितलं तेव्हा तोंडाची एक बाजू खाली ओघळलेली होती.

"कावून असं..." का असं, एवढंच मला समजलं.

शेजाऱ्यांनी गाडी काढली. प्लांटच्या हॉस्पिटलचं कार्ड बाबांकडे होतं, पण मी त्यांना माझ्या हॉस्पिटलात नेलं, कारण तिथं मला सगळे ओळखत होते. झटका झोपेत कधी आला ते कळत नव्हतं, त्यामुळे पहिल्या काही तासांतच द्यावं लागणारं, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता आलं नाही. डॉक्टर मॅडमनी सलाईन लावलं आणि कागदावर लिहिलं की गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडावाटे काही द्यायचं नाही. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आपको क्या बताना. आपने ही तो लिखा है."

दुसऱ्या दिवशी त्या रायपूरला गेल्या होत्या.

सकाळी बाबा जागे होते. ओठ सुकून पांढरे पडले होते. मला बघून त्यांनी डावा हात उचलला, बोटं वाकवली आणि तळवा तोंडाकडे तिरपा केला. मला लगेच कळलं. बशी. जन्मभर ते बशीतून चहा प्यायले. आईच्या हातचा, माझ्या हातचा, विहारातल्या कार्यक्रमाचा कागदी कपातला चहासुद्धा ते घरून नेलेल्या बशीत ओतायचे आणि लोक हसायचे.

"चहा पायजे?" मी विचारलं.

त्यांनी डोळे मिटून उघडले.

मी पलंगाच्या पायथ्याची फाईल उचलली. मी निष्काळजी नव्हते, हे मला सांगायचं आहे, आणि तेच सगळ्यात वाईट आहे. मी आमचं पत्रक शोधलं, रकाना शोधला. निळ्या पेनची टिक होती. बारीक, व्यवस्थित, चौकटीच्या आत. माझा कागद, माझी चौकट. मला इतकं बरं वाटलं की मी जवळजवळ धावत कँटीनला गेले.

पलंगाचं डोकं वर केलं. बशी नव्हती, म्हणून चमच्यानं पाजला. फुंकर घालून, थांबून थांबून. त्यांना ठसका लागला नाही. एकदाही नाही. अर्धा कप झाल्यावर त्यांनी काहीतरी म्हटलं. बहुतेक "गोड" असावं. आवाज भरून आलेला होता, पाण्यातून आल्यासारखा. मला वाटलं, बाबांना गहिवरून आलं. मलाही आलं. मी उरलेला अर्धा कपही पाजला.

आवाज ओला वाटला तर तिथंच थांबायचं. हे वाक्य मी तीनदा खोडून लिहिलं होतं. 'ओला' म्हणजे काय ते सिस्टरांना कळेल की नाही, याची मला काळजी होती.

संध्याकाळी ताप चढला. पुढच्या दिवशी एक्स-रेत उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा दिसला. डॉक्टर मॅडम परत आल्या, त्यांनी फिल्म उजेडात धरली आणि मला विचारलं, "मुँह से कुछ दिया था?"

मी म्हटलं, "जाँच हो चुकी थी. फ़ाइल में है."

हे खोटं नव्हतं. फायलीत होतं. चहाचं नाव मी घेतलं नाही. तेव्हाही नाही, बाबांना आयसीयूत हलवलं तेव्हाही नाही, आणि आठवड्याभरानं ते गेले तेव्हाही नाही. कागदावर मृत्यूचं कारण लकवा आणि न्यूमोनिया असं लिहिलं गेलं. वय लिहिलं गेलं. वय बघितल्यावर पुढे कोणी वाचत नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी बाबांचे प्लांटमधले एक सोबती आले. मी त्यांना लहानपणापासून काका म्हणते. वंदना झाली, लोक जेवून गेले, आणि काका बाबांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले. खुर्चीत बसले नाहीत.

"तुया बाप लय खडूस होता," ते म्हणाले. "माया लग्नाचं माहीत हाय का तुले?"

मला माहीत होतं. तरी मी नाही म्हटलं.

"त्याच दिवशी सकाळी त्यानं एका मोटरीले टॅग बांधला, अन् काम अर्धं ठेवून माया लग्नात आला. इकडं काम पुरं झालं. आता टॅग कोन काढन? साहेब म्हने काढा. कोनी हात लावे ना. शेवटी एक जन स्कूटर घेऊन मांडवात आला. तुया बाप जिलबी खात बसला होता. तसाच उठला, नवा शर्ट, तोंडाले पाक. गेला. मोटर बघतली, वायर बघतली, टॅग काढला, सही केली. परत येऊन म्हन्ते कसा, माही जिलबी कोन खाल्ली बे?"

काका हसले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. मग म्हणाले, "रिटायर झाल्यावर मी हथखोजले एका लहान कारखान्यात लागलो ना. तिथं टॅग नाही. बटनापाशी मानूस उभा ठेवते अन् सांगते, लक्ष ठेव. मी म्हटलं, त्याले बिडी प्यायची तलफ आली तं? मी तिथं टिकलो नाही."

ते गेल्यावर मी बाबांचा ड्रॉवर उघडला. पाना, टेस्टर, वह्या, आणि तळाशी रबरबँडमध्ये बांधलेले दहा-बारा कोरे लाल टॅग. रबरबँड हात लावताच तुटला. टॅगवर हिंदीत छापलेलं होतं, ख़तरा, चालू न करें. खाली नाव, तारीख आणि वेळ यांच्यासाठी रिकाम्या ओळी. पुठ्ठा माझ्या हाताच्या तळव्याएवढा. एवढ्याशा जागेत नावाची ओळ मावली होती.

हॉस्पिटलमध्ये दर महिन्याला गेलेल्या रोग्यांच्या फायलींवर बैठक होते. बाबांची फाईल त्यात होती. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, तुम्ही यायलाच हवं असं नाही. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी ग्रंथालयाच्या दारात एक सिस्टर उभी राहिली. तिशीतली, कुम्हारीहून बसनं येणारी, काँट्रॅक्टवरची. चप्पल बाहेर काढून ती आत आली. ग्रंथालयात कोणी चप्पल काढत नाही.

"मैडम, वो टिक मेरी थी," ती उभ्यानंच म्हणाली.

मी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"मैंने जाँच नहीं की थी. सुबह आते ही पूरी लाइन भर दी थी. हम सब ऐसे ही भरते हैं. सोचा था, बाद में कर लूँगी. फिर उस तरफ़ एक मरीज़ को झटके आने लगे, मैं उधर चली गई. लौटी तब तक..." ती थांबली. "कप टेबल पर रखा था. मैंने देखा था. मैं कुछ बोली नहीं."

म्हणजे तिलाही माहीत होतं. इतके दिवस आम्ही दोघी एकाच कपाबद्दल गप्प होतो.

"आप कल बोलेंगी?" तिनं विचारलं. "मेरा काँट्रैक्ट मार्च तक का है. घर में कमाने वाली मैं ही हूँ. मत बोलिए, ये मैं नहीं बोल रही. बस पूछ रही हूँ, ताकि घर पर बता के रखूँ."

ती रडली असती किंवा तिनं मला दोष दिला असता तर मला सोपं गेलं असतं. मी तिच्याकडे बघितलं आणि मला कळलं की मी गप्प राहिले तर ती वाचेल, मी वाचेन, आणि भिंतीवरचं पत्रक तसंच राहील. पुढच्या रोग्याच्या पायथ्याशी तसलीच एक निळी, व्यवस्थित टिक असेल आणि कोणाची तरी मुलगी कँटीनकडे धावेल. आणि बोलले तर पहिला बळी हीच.

"मैं अपना बोलूँगी," मी म्हटलं. "आपका नाम नहीं लूँगी."

ती किंचित हसली. तसं दमलेलं हसू मी पुन्हा पाहिलेलं नाही. "नाम तो ड्यूटी रजिस्टर में है ही, मैडम," ती म्हणाली, आणि चप्पल घालून गेली.

बाबांना दिलेलं माझंच उत्तर होतं ते.

बैठकीत मी लिहून नेलेलं वाचलं. मला आयत्या वेळी बोलता येत नाही. चहा मी पाजला. आवाज ओला झालेला मी ऐकला आणि ओळखला नाही. विचारलं तेव्हा मी सांगितलं नाही. नाव आणि सहीची ओळ मी काढली, पान वाचवायला. बाबांनी मला सांगितलं होतं. एवढंच होतं, अर्ध्या पानाचं.

कोणीतरी म्हणालं, "मैडम, आप दुख में हैं. उम्र भी थी." दुसरं कोणी म्हणालं की ग्रंथपालानं असल्या कामात पडायलाच नको होतं. ते मला पटलंही. डॉक्टर मॅडम खाली बघत होत्या. मग माझ्या मागच्या रांगेत खुर्ची सरकली. ती सिस्टर उभी राहिली आणि म्हणाली, "टिक मैंने लगाई थी. जाँच नहीं हुई थी. और ऐसी टिक सबकी होती है, आप फ़ाइलें निकाल के पूछ लीजिए." वॉर्डाच्या इतर सिस्टर तिच्याकडे न बघता टेबलाकडे बघत होत्या.

मी पर्समधून बाबांचा एक टॅग काढून टेबलावर ठेवला आणि तो काय असतो ते सांगितलं. भिलाईत ते फार सांगावं लागत नाही. टेबलाभोवतीच्या निम्म्या लोकांचे वडील, सासरे प्लांटमधले होते. एक डॉक्टर तो हातात घेऊन उलटसुलट बघत म्हणाले, "पापा के स्कूटर की डिक्की में पड़े रहते थे."

त्यानंतर लकव्याचा रोगी आला की पलंगाच्या उशाशी लाल टॅग बांधायचं ठरलं. मुँह से कुछ न दें. खाली नाव, वेळ, सही. बांधणारी सिस्टरच तपासणी करून सोडेल. तिची ड्यूटी संपली तर पुढची सिस्टर आधीच्या शब्दावर सोडणार नाही, स्वतः पुन्हा तपासेल आणि स्वतःचं नाव लिहील. फायलीतला रकाना काढून टाकला. पत्रकही मी पुन्हा लिहिलं. ते दोन पानांचं झालं.

मार्चमध्ये त्या सिस्टरचं काँट्रॅक्ट पुढे वाढलं नाही. बैठकीशी त्याचा संबंध नाही, असं मला सांगण्यात आलं. मी अर्ज लिहिला, डॉक्टर मॅडमनी सही केली, उत्तर आलं नाही. ती रायपूरकडे कुठेतरी लागली म्हणतात. मी फोन केला होता. ती नीट बोलली, घरी आता सोबतीला कोण असतं ते विचारलं, आणि मग म्हणाली, "मैडम, अब फ़ोन मत कीजिए. याद आ जाता है." मी परत केला नाही.

टॅगचंही सरळ चाललं आहे असं नाही. नातेवाईक तो सोडून खिशात घालतात. एकदा दोन रोग्यांना एकच टॅग आलटून पालटून बांधलेला सापडला. बुधवार आता महिन्यातून एखादा होतो. पण मी रोज दुपारी दोनला, ड्यूटी बदलते तेव्हा, वॉर्डातून एक चक्कर मारते. कोणी मला सांगितलेलं नाही आणि कोणी अडवतही नाही.

गेल्या महिन्यात खिडकीजवळच्या पलंगावर एक म्हातारे होते, खेड्यातले. टॅग बांधणारी सिस्टर नुकतीच घरी गेली होती. त्यांची बायको हातात स्टीलचा ग्लास घेऊन उभी होती. चहा.

"बिहनिया ले कुछु नइ खाय हे," सकाळपासून पोटात काही नाही, ती मला म्हणाली. मग टॅगकडे हनुवटी करून, हा कोण काढणार, असं विचारलं, "एला कोन हटाही?"

मी सांगितलं, सिस्टर येईल. ती दुसऱ्या टोकाला होती. आम्ही थांबलो. म्हातारे ग्लासाकडे बघत होते. मला तिथून निघून जावंसं वाटलं. चहावर साय धरली तेव्हा सिस्टर आली. तिनं टॅगवरचं नाव वाचलं, बाबाजींना ताठ बसवलं, एक चमचा पाणी दिलं आणि थांबली. ठसका नाही. बायकोचा चेहरा उजळला. "नाम बताओ, बाबा," सिस्टर म्हणाली.

त्यांनी नाव सांगितलं. नाव पाण्यातून वर आलं.

सिस्टरनं माझ्याकडे बघितलं. मी नाही अशी मान हलवली. तिनं चमचा ठेवला, जुना टॅग सोडून आपल्या नावाचा नवा बांधला, आणि नळीचं सांगायला फोनकडे गेली.

"एक घूँट म का होही?" म्हातारी रागानं म्हणाली. तिला मीच आडवी आलेली दिसत होते, आणि ग्लास ती पुढे करत होती, त्यांच्याकडे.

मी तिच्या हातातून ग्लास घेतला. तिनं तो सहज सोडला नाही. बेसिनपाशी जाऊन मी चहा ओतून दिला, ग्लास विसळला, पुन्हा विसळला आणि परत आणून दिला. तिनं माझ्याकडे न बघता तो घेतला, पदरानं आतून-बाहेरून पुसला आणि पिशवीत ठेवून दिला.